रताळ्याच्या काड्या आणि अप्पांचा संप

बारक्याच्या घरात स्फोट झाला असं तुमच्या कानावर आलं असेल, तर ते साफ खोटं आहे. म्हणजे आवाज झाले. बरेच झाले. धूरही झाला, आणि सोसायटीच्या सेक्रेटरींनी वाळूची बादली ओतली हेही खरं. पण स्फोट नाही. बारक्याला विचाराल तर तो चष्मा सावरून सांगेल, "त्याला तांत्रिक भाषेत स्फोट म्हणत नाहीत." आणि त्याला हे कळतं, कारण तो विमा कंपनीत आगीच्या दाव्यांच्या टेबलावर बसतो.

ते टेबल जरा लक्षात ठेवा हं. कुणाच्या स्वयंपाकघरात आग लागली, पडदे जळाले, ओटा काळा पडला, की त्याचे कागद फिरत फिरत बारक्यापुढे येतात. बारक्या खुर्ची पुढे ओढतो, सुस्कारा टाकतो आणि वर्षानुवर्षं एकच वाक्य लिहितो: 'दावेदाराने तापते उपकरण दुर्लक्षित ठेवले.' झालं, दावा आडवा. ऑफिसात म्हणतात, याला या वाक्याचा शिक्काच करून द्या, शाई तरी वाचेल. घरी आल्यावरही हा गृहस्थ गॅस बंद आहे ना ते पुन्हा पुन्हा बघतो आणि बायकोला सांगतो, "लोक किती बेफिकीर असतात गं!"

बारक्या हे नाव तो बारीक होता तेव्हा पडलं. आता तो लिफ्टमध्ये शिरला की आतले लोक म्हणतात, "आम्ही जिन्यानं येतो." पण नाव काही वजनाबरोबर बदलत नाही.

तर सगळं सुरू झालं ते अप्पांपासून. अप्पा म्हणजे बारक्याचे वडील, कस्टममधून रिटायर झालेले. आख्खी नोकरी लोकांच्या बॅगा उपसण्यात गेली. बाहुलीच्या पोटातून घड्याळं काढलीत त्यांनी, बुटाच्या टाचेतून खडे काढलेत. आता मध्यंतरी त्यांच्या छातीत कळ आली, हॉस्पिटल झालं, आणि डॉक्टरीणबाईंनी एका दमात सांगून टाकलं: तळलेलं बंद. वेफर्स बंद, खारवलेले दाणे बंद, कुरकुरीत म्हणून जे जे काही जगात आहे ते बंद.

अप्पांनी त्याच दिवसापासून संप पुकारला.

"अप्पा, दोन घास तरी घ्या," बारक्या ताटाशी बसून विनवायचा.

"ह्याला चावताना आवाज येतो का?"

"सूप आहे अप्पा. सूपला कसा आवाज येईल?"

"मग ते औषध झालं. औषध सकाळीच घेतलंय मी."

आणि ताट बाजूला सारून आपल्या खोलीत. रोज हेच. उकडलेल्या भाज्या, वाफवलेल्या भाज्या, किसून उकडलेल्या, उकडून किसलेल्या, सगळं झालं. अप्पा दोन चमचे ढवळायचे, सुस्कारा टाकायचे आणि उठायचे. डॉक्टरीणबाईंनी फोनवर सांगितलं, "पुढच्या तपासणीपर्यंत जेवायला लागले नाहीत तर मी त्यांना ॲडमिट करून घेते. नुसतं निरीक्षणाखाली."

आता हे 'नुसतं निरीक्षणाखाली' डॉक्टरीणबाईंना साधं वाटत असेल. बारक्याची आई त्याच हॉस्पिटलात नुसती निरीक्षणाखाली म्हणून गेली होती, जाताना कुंड्यांना पाणी घाल म्हणून सांगून, आणि परत आलीच नाही. तेव्हापासून ते दोन शब्द ऐकले की बारक्या उठून कुंड्यांना पाणी घालायला लागतो. त्यानं ठरवलं, काय वाट्टेल ते होवो, अप्पांना जेवायला लावायचं. बिनतेलाचं, पण आवाज येणारं काहीतरी शोधायचं.

एक गोष्ट मात्र जरा चमत्कारिक होती. इतके दिवस संप चालला होता, पण अप्पांच्या पट्ट्याचं भोक काही बदलत नव्हतं. बारक्या म्हणाला, "सूज असेल." बायकोनं पट्ट्याकडे पुन्हा एकदा बघितलं. ती मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवते. रोज सकाळपासून शिकाऊ लोकांच्या शेजारी जीव मुठीत धरून बसते, त्यामुळे घरी तिला कशाचंच भय वाटत नाही, आणि ती बोलते मात्र गाडीतल्यासारखीच.

मग ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत बारक्याला मोबाइलवर तो व्हिडिओ सापडला. रताळ्याच्या काड्या. तळायच्या नाहीत, ओव्हनमध्ये भाजायच्या. व्हिडिओतली बाई एक काडी तोंडात टाकते आणि असा काही आवाज येतो की बारक्याच्या शेजारच्या टेबलावरचा मोटारींच्या दाव्यांचा माणूस मान वर करून म्हणाला, "काच फुटली का कुठं?" बारक्याच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं म्हणे. तिथंच त्यानं ठरवलं, येत्या रविवारी.

घरी येऊन त्यानं जाहीर केलं, "अप्पा, रविवारी तुम्हाला ओव्हनमधलं कुरकुरीत खायला घालतो."

अप्पा वर्तमानपत्रामागून बाहेर आले. "ओव्हन? कुठला ओव्हन?"

"आपला. लग्नात आलेला."

"छे छे छे! तो कशाला? वीज किती खाईल! आणि जुना झालाय तो. आणि मी म्हणतो, मला भूकच नाही."

"अप्पा, तुम्हाला आवाज पाहिजे होता ना?"

"आता नकोय. माणसाचं मत बदलू शकतं."

बारक्याला गलबलून आलं. बायकोला हळूच म्हणाला, "बघ, आता तर इच्छाच मेली त्यांची." आणि जास्तच जिद्दीला पेटला.

आता या ओव्हनबद्दल सांगायलाच पाहिजे. तो बारक्याच्या लग्नात ऑफिसनं दिलेला, ओट्याच्या कोपऱ्यात मोठ्या रुबाबात बसलेला. पण त्या घरात त्याला ओव्हन म्हणून कुणी ओळखतच नव्हतं. ते कपाट होतं. त्यात झाकणं होती, चपटे डबे होते, हँडल तुटलेली तवली होती, आणि तळाशी घड्या घातलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या. हसू नका, तुमच्याही घरी हेच आहे. माझ्या मावशीच्या ओव्हनमध्ये तर बटाटे राहतात, आणि कुणी ओव्हन लावू का विचारलं की ती म्हणते, "मग बटाटे कुठं जातील बिचारे?"

रविवार उजाडला. बारक्या बाजारातून अशी निवडक रताळी घेऊन आला की भाजीवाली म्हणाली, "साहेब, रताळी घेताय का सून बघताय?" घरी येऊन त्यानं फूटपट्टी काढली. कारण व्हिडिओतली बाई म्हणाली होती, सगळ्या काड्या सारख्या जाडीच्या पाहिजेत. प्रत्येक काडी पट्टीला लावून कापणं चाललं होतं. जाड निघाली की पुन्हा ताशीव, बारीक निघाली की बाजूला. बाजूचा ढीग मुख्य ढिगापेक्षा मोठा झाला.

तेवढ्यात समोरच्या काकू आल्या. समोरच्या काकूंना वासावरून बातमी कळते, आणि इथं तर अजून वासही सुटला नव्हता, म्हणजे विचार करा.

"अरे बारक्या, पाण्यात भिजत घाल. मीठ घालून. पीठ सुटलं की कुरकुरीत होतात."

बारक्यानं भिजत घातल्या. मग आले सेक्रेटरी. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणजे असा माणूस की जिन्यात कुणी शिंकलं तरी विचारतो, "परवानगी घेतलीत?" त्यांनी पातेल्यात डोकावलं.

"पाणी? हात जोडतो तुम्हाला, रताळ्याचा आणि पाण्याचा संबंध येऊ देऊ नका. लगदा होईल लगदा."

"तुमच्या घरी कधी केल्यात का हो?" काकूंनी विचारलं.

"करायला कशाला पाहिजे? विचार केला तरी कळतं."

"उंटावरून शेळ्या हाका तुम्ही."

"मी शेळ्या नाही, सोसायटी हाकतो." आणि बारक्याकडे वळून, "बरं, हा ओव्हन लावणार म्हणता. किती वॅटचा?"

बारक्यानं सांगितलं. सेक्रेटरींनी डोळे मिटले, जणू कुणाची तरी वाईट बातमी आली.

"अर्ज द्यावा लागेल."

"रताळी भाजायला अर्ज?"

"जड भाराच्या उपकरणाला. मागे एकाने एसी, गीझर आणि इस्त्री एकदम लावली आणि आख्खा मजला अंधारात. तेव्हापासून नियम आहे. अर्ज येईल, कमिटीच्या बैठकीत ठेवू, हरकती मागवू…"

"अहो, तोवर रताळ्याला कोंब फुटतील!"

बरीच घासाघीस झाली. शेवटी तोंडी परवानगी मिळाली, दोन अटींवर. एक, तयार माल आधी सेक्रेटरींनी चाखायचा. दोन, स्वयंपाकघरात जिन्यातली आगीची वाळूची बादली ठेवायची. बारक्या दुखावला ना! "मला? आगीचं मला सांगता? मी रोज आगी बघतो!"

"कागदावर," बायको आतून म्हणाली.

बादली आली. ओव्हनशेजारी बसली. बारक्या तिच्याकडे बघेचना.

आता भिजलेल्या काड्या कोरड्या करायच्या. व्हिडिओतली बाई म्हणाली होती, थेंबभर पाणी राहिलं तरी सगळं फुकट. बारक्यानं इस्त्रीच्या टेबलावर स्वच्छ टॉवेल पसरला, त्यावर काड्या ओळीनं मांडल्या, एका बाजूनं बायकोचा हेअर ड्रायर आणि दुसऱ्या बाजूनं टेबलफॅन लावला. दृश्य असं की कुणाला वाटावं रताळी नटून लग्नाला निघालीत. काड्या सुकल्या, अगदी खडखडीत. बारक्या खूश झाला आणि पुढची पायरी, म्हणजे मक्याच्या पिठाची भुरभुर, त्यानं उत्साहानं सुरू केली.

पंखा बंद न करता.

पीठ उडालं ते थेट दारात, आणि दारात होते अप्पा. ते बिचारे शेवटची रदबदली करायला आले होते. "बारक्या, मी काय म्हणतो, ओव्हन राहू दे…" एवढंच बोलणं झालं आणि ते डोक्यापासून सदऱ्यापर्यंत पांढरे झाले. भुवया पांढऱ्या, मिशा पांढऱ्या. काकू किंचाळल्या. बायको म्हणाली, "वायपर चालू करा, अप्पा."

अप्पा चेहरा धुवायला गेले, आणि नेमकं तेव्हाच बारक्यानं ओव्हन आधी तापवून घ्यायला लावला. व्हिडिओतल्या बाईचा नियम होता तसा. त्यानं आत बघितलं नाही असं नाही हं! माणूस आगीच्या टेबलावरचा. त्यानं दार उघडलं, झाकणं काढली, डबे काढले, प्लॅस्टिकच्या पिशव्या तर आठवणीनं काढल्या. मागे एक मोठं पितळी पातेलं राहिलं, झाकण लावलेलं. ते काढायचं तर हात खांद्यापर्यंत आत घालावा लागला असता आणि हाताला तर पीठ लागलेलं. बारक्या म्हणाला, "भांडंच तर आहे. भांडं तापलं तर काय बिघडतं?" आणि बटण फिरवून तो ट्रेमध्ये काड्या लावायला बसला. एकमेकींना चिकटू नयेत म्हणून अंतर ठेवून, परीक्षेला बसवल्यासारख्या.

अप्पा तोंड पुसत बाहेर आले. ओव्हनचा लाल दिवा दिसला. आणि तुम्हाला सांगतो, पीठ धुतलं होतं तरी ते पुन्हा पांढरे झाले.

"बंद कर!"

"अप्पा, थोडं थांबा, आता होतच आलं."

"बंद कर म्हणतो ना! मी सूप पितो. आण सूप. दोन वाट्या आण!"

बारक्याचा कानांवर विश्वास बसेना. "ऐकलंस? अप्पा सूप मागतायत!" तो आनंदानं बायकोकडे वळला, आणि त्याच क्षणी ओव्हनमधून आवाज आला.

फट्!

सगळे वळले. मग पुन्हा, फट्! फट्! आणि पातेल्याचं झाकण आतल्या आत उडून काचेवर खणकन आपटलं. काचेतून चंदेरी काहीतरी चुरगळताना दिसलं, दाराच्या फटीतून काळा धूर निघाला, वास असा सुटला की वाटावं बुटांचं दुकान पेटलंय.

"स्फोट!" सेक्रेटरी ओरडले.

"याला तांत्रिक भाषेत…" बारक्यानं सुरू केलं.

"ब्रेक!" बायको ओरडली. "अरे, ब्रेक दाब! मेन बंद कर!" आणि तो गोंधळलेला बघून तिनंच झेप घेऊन प्लग उपटला. इकडे सेक्रेटरींनी बादली उचलली, डोळे मिटले आणि वाळू ओतली. ओव्हनवर एक कण पडला नाही. सगळी बारक्याच्या डोक्यावर. काड्यांच्या ट्रेवर मात्र काकूंनी तेवढ्यात पदर धरला होता, तो त्यांचा मोठेपणा, आजही त्या सगळ्यांना ऐकवतात.

खिडक्या उघडल्या. धूर गेला. बायकोनं जाड फडक्यानं पातेलं बाहेर ओढलं आणि ओट्यावर ठेवलं. सगळ्यांची डोकी एकदम त्यात वाकली.

आत वेफर्स होते. म्हणजे वेफर्सची पाकिटं. पुष्कळ. फुगलेली, फुटलेली, आक्रसून नखाएवढी झालेली. खारे, तिखट, मसाल्याचे, आणि तळाशी खारवलेले दाणे.

"हे कुणाचं?" बारक्या कुजबुजला. केसांतून वाळू गळत होती. त्यानं बायकोकडे बघितलं. बायकोनं त्याच्या पोटाकडे बघितलं.

"माझं नाही!" बारक्या म्हणाला.

"मी काही विचारलं नाही."

अप्पा छताकडे बघत होते. छतावर काहीही नव्हतं. आणि सगळं कदाचित तिथंच मिटलं असतं, पण काकू म्हणाल्या, "कुणी का असेना, मूर्खच म्हणायचा. ओव्हनमध्ये कुणी लपवतं का? ही काय लपवायची जागा?"

अप्पांचं डोकं सर्रकन खाली आलं.

"मूर्ख?" ते म्हणाले. "मूर्ख? आख्खी नोकरी मी लपवलेला माल शोधण्यात घालवली. तुम्हाला सांगतो, उत्तम जागा कोणती? जिथं हात घालायचा माणसाला कंटाळा येतो ती! कपाटं उघडतात, गादी उचलतात, पिठाचे डबे ढवळतात. या घरात ओव्हनच्या मागच्या पातेल्यात हात कुणी घातला? सांगा ना! आज हा स्वतः दार उघडून बसला होता, तरी घातला का? पहिल्या दर्जाची जागा आहे ही, बाई!"

मग त्यांच्या लक्षात आलं आपण काय बोललो ते.

सेक्रेटरी रिकाम्या बादलीत बघू लागले. बारक्यानं ती त्यांच्या हातातून घेतली, उलटी केली आणि तिच्यावर बसला. म्हणजे हा संप… दुपारी सगळे बाहेर गेले की 'पाणी प्यायला' म्हणून अप्पा स्वयंपाकघरात… आणि तो पट्टा… आणि आपण इकडे रोज ताटाशी बसून विनवण्या करतोय!

आधी त्याला राग आला. इतका की चष्म्यावर वाफ धरली. आणि मग, काय झालं त्याचं त्यालाच कळलं नाही, तो हसायलाच लागला. हसता हसता डोळे पुसायला लागला, त्यात वाळू गेली, मग तर धाराच लागल्या.

"म्हणजे तुम्ही उपाशी नव्हतात!" तो म्हणाला. "अप्पा, तुम्ही उपाशी नव्हतात!"

"उपाशी कशाला राहीन?" अप्पा पुटपुटले. मग भांड्यातल्या त्या चुरगळलेल्या पाकिटांकडे बघत म्हणाले, "तुझी आई आणि मी संध्याकाळी बसायचो ना खिडकीत, एक पाकीट फोडून. ती म्हणायची, हळू चावा हो, शेजारी ऐकतील. आता घरात जेवताना इतकं शांत असतं… सूप तर अगदीच शांत."

काकूंनी पदरानं नाक पुसलं. सेक्रेटरी म्हणाले, "आम्हाला ऐकू यायचं बरं का. आम्ही तक्रार नाही केली कधी."

बायकोनंच गाडी पुन्हा रस्त्यावर आणली. "अप्पा, ही पाकिटं आजपासून बंद. छातीचं काही झालं तर याला कोण सांभाळेल? मला जमणार नाही."

अप्पांनी बराच विचार केला. "ठीक. याच्या काड्यांना आवाज आला तर पाकिटं बंद आणि ताटातलं सगळं गप जेवीन. नाही आला, तर मी काही कबूल करत नाही."

आता बघा हं, सकाळी नुसती रताळी होती, आता अप्पांचं हृदय, हॉस्पिटल आणि बारक्याची इज्जत, सगळं त्या ट्रेवर ओळीनं मांडून ठेवलेलं.

ओव्हन घासला. दाराच्या कडेला मात्र उडून फटीत अडकलेल्या एका पाकिटाचं प्लॅस्टिक वितळून असं घट्ट बसलं होतं की काकूंनी चमचा लावला, सेक्रेटरींनी किल्ली लावली, अप्पांनी जुना अनुभव लावला, पण तो गोळा काही सुटेना. बरं, तो बाहेरच्या अंगाला, म्हणून आच लागायची भीती नव्हती, पण दार पूर्ण मिटेना. बोटभर फट राहायची. बारक्या म्हणाला, "संपलं. उष्णता बाहेर जाणार. दुष्काळात तेरावा महिना." तरी लावला. लावताना घरातले बाकीचे दिवे बंद करायची सेक्रेटरींची नवी अट होती, तीही मानली. ह्या वेळी तो ओव्हनपुढून हलला नाही. स्टूल घेऊन, डोळ्यांत तेल घालून.

आणि काड्या बाहेर काढल्या तेव्हा… काय सांगू! एक काडी उचलली, ती मधोमध वाकली आणि दोन्ही टोकांनी खाली लोंबायला लागली. भिजलेल्या बुटाची नाडी बघितलीत ना, तस्सं. सेक्रेटरींनी अटीप्रमाणे एक चाखली आणि म्हणाले, "लगदा. मी म्हटलं होतं." काकू म्हणाल्या, "चव मात्र…" आणि थांबल्या. अप्पांनी तर हातही लावला नाही. बारक्याकडे बघितलं, आणि खरं सांगतो, त्यांनाच वाईट वाटलं. "असू दे रे," म्हणाले. बारक्यानं ट्रे परत ओव्हनमध्ये ढकलला, बटण बंद करायचं ते रागात उलटं, पूर्ण आचेवर पिरगाळलं, डोळ्यांपुढून घालवायचा म्हणून, आणि तोंड फिरवून उभा राहिला.

थोड्याच वेळात खट्ट झालं आणि आख्ख्या मजल्याची वीज गेली.

आता त्याच वेळी काकूंच्या घरी गीझर चालू होता आणि पलीकडे कुणाची तरी इस्त्री, पण ते कोण ऐकतो? सगळा मजला जिन्यात मीटरच्या खोलीपाशी जमला आणि सेक्रेटरी मध्ये उभे राहून म्हणाले, "म्हणूनच अर्ज लागतो!" बारक्या म्हणाला, गीझरचं काय? काकू म्हणाल्या, गीझर माझ्या नवऱ्यानं लावलाय, त्याला विचारा. कुणी म्हणालं, फ्यूज कुणाकडे? कुणी म्हणालं, सेक्रेटरींकडे. सेक्रेटरी म्हणाले, फ्यूज कपाटात, कपाटाची किल्ली… आणि खिसे चाचपायला लागले. ती किल्ली मघाशी ओव्हनचं प्लॅस्टिक खरवडताना वाकली होती. ती आता कुलपातच जाईना. आगीतून फुफाट्यात! भांडण असं रंगलं की किती वेळ गेला कुणालाच कळलं नाही.

शेवटी सगळे दमले. पंखे बंद, टीव्ही बंद, फ्रिजसुद्धा गप्प. वीज जाते तेव्हा आख्ख्या मजल्यावर एक क्षण असा येतो बघा, की कुणाच्याही घरात काहीच वाजत नाही. अगदी चिडीचूप.

आणि त्या शांततेत, बारक्याच्या उघड्या दारातून आवाज आला.

कुर्रर्.

बारक्यानं कान टवकारले. सेक्रेटरींचा हात खिशातच राहिला.

कुर्रर्. कुर्रम्.

"उंदीर?" कुणीतरी हळूच म्हणालं.

"श्श्!" बायको म्हणाली. बारक्या चवड्यांवर पुढे गेला, म्हणजे त्याच्यासारखा माणूस जितका चवड्यांवर जाऊ शकतो तितका, आणि दारातून डोकावला. स्वयंपाकघरात खिडकीच्या उजेडात अप्पा पाठमोरे उभे होते. ओव्हनचं दार पुढ्यात उघडं, आणि अप्पा हळूच, इकडेतिकडे बघत, एक एक काडी उचलून तोंडात टाकत होते.

झालं काय होतं, की ओव्हन विझला तरी तापलेला होता, आणि दार मिटत नव्हतं ना! त्या बोटभर फटीतून सगळी वाफ निघून गेली होती आणि आतल्या कोरड्या उष्णतेत काड्या बसल्या बसल्या कडक झाल्या होत्या. फट कशामुळे? पाकिटाच्या प्लॅस्टिकमुळे. पाकीट कुणाचं? अप्पांचं. अप्पा आता हे जो भेटेल त्याला सांगतात, की पदार्थ मुळात त्यांचाच आहे, बारक्यानं फक्त बटण फिरवलं.

सेक्रेटरी मागून आले, दारात घुसायला लागले. "अहो, माझी चाखायची अट…"

बारक्यानं त्यांचा दंड धरला. "थांबा."

"अहो, पण…"

"थांबा हो. चोरून खातायत. आपण गेलो तर हात आखडतील." त्यानं चष्मा काढून पुसला. "खाऊ द्या सगळं."

आणि आख्खा मजला तिथं जिन्यात, अंधारात, श्वास रोखून उभा राहिला आणि एक म्हातारा माणूस खात असल्याचा आवाज ऐकत राहिला. प्रत्येक कुर्ररला बारक्याचा चेहरा थोडा थोडा सैल होत गेला. शेवटच्या काडीला त्याचा जीव असा भांड्यात पडला, की तो पायरीवर मटकन बसलाच. काकू कुजबुजल्या, "हळू चावा म्हणावं त्यांना, शेजारी ऐकतायत." आणि मग कुणाला आधी हसू फुटलं ते आठवत नाही.

पुढे अप्पा शब्दाला जागले. त्या दिवशी ताटातलं सगळं गप जेवले, नंतरही जेवतात, तपासणीला डॉक्टरीणबाईंनी पाठ थोपटली आणि ॲडमिटचं नावही काढलं नाही. ओव्हनचं दार बारक्यानं अजून दुरुस्त केलेलं नाही, आणि कुणी नाव काढलं तरी तो अंगावर येतो. ऑफिसातही परवा एक दावा आला होता, कुणाच्या तरी ओव्हनचा. बारक्यानं लेखणी उचलली, सवयीनं 'दावेदाराने तापते उपकरण' एवढं लिहिलं, थांबला, आणि ते खोडून त्या माणसाला फोन लावला, "मला सांगा, आत काय ठेवलं होतं तुम्ही?"

दर रविवारी काड्या होतात. पण ताटात वाढल्या की अप्पा नाक मुरडतात, "भूक नाही." म्हणून बारक्यानं युक्ती काढली. निवल्यावर तो त्या पितळी पातेल्यात भरतो, झाकण लावतो, ओव्हनच्या पार मागे ढकलतो, आणि मोठ्यानं म्हणतो, "आम्ही जरा खाली जाऊन येतो हं, अप्पा!"

आणि मग दोघं नवराबायको जिन्यात, पहिल्याच पायरीवर, एकमेकांना कोपरानं ढोसत बसून राहतात, आतून आवाज येईपर्यंत.